न टोचलेला बॉल

जरा डोळे मिटून बघा. तुम्ही बारा वर्षांचे आहात. पायाखाली विटांच्या भुग्याचं तांबडं टेनिस कोर्ट आहे, हातात रॅकेट आहे आणि सकाळचे नऊच वाजलेत तरी मानेवरून घाम निथळतोय. समोरच्या खेळाडूनं मारलेला बॉल तुमच्या बाजूच्या पांढऱ्या रेघेजवळ पडतो. आत की बाहेर? पंच नाही. लहान मुलांच्या स्पर्धेत प्रत्येक कोर्टाला पंच कुठून आणणार? म्हणून तिथे एक जुना रिवाज आहे. आपल्या बाजूला पडलेल्या बॉलचा निकाल आपणच द्यायचा. बाहेर असेल तर बोट वर करून 'आऊट' म्हणायचं. आत असेल तर गप्प राहायचं आणि पॉइंट समोरच्याला जाऊ द्यायचा. शंका आली तर मातीत उठलेला बॉलचा ठसा दोघांनी मिळून बघायचा.

आता असं समजा, की बॉल रेघेला निसटता लागलाय. तो तुम्हाला दिसलाय, फक्त तुम्हालाच. आणि तुम्ही 'आऊट' म्हणता.

काय झालं? कुणी ओरडलं नाही, आभाळ कोसळलं नाही. पण छातीच्या जरा खाली, बरगड्या संपतात तिथे, काहीतरी बारीक टोचलं. टोचलं ना? ही गोष्ट त्या टोचण्याची आहे, आणि मल्लिनाथ बिराजदार नावाच्या एका चांगल्या माणसाची, ज्यानं ते टोचणं एका मुलीच्या अंगातून काढून टाकलं.

ही गोष्ट अजून घडलेली नाही. आजपासून वीसेक वर्षांनी ती सोलापुरात घडेल असं धरा, आणि सांगायच्या सोयीसाठी घडून गेल्यासारखी ऐका.

बिराजदार सरांनी तीस वर्षं मुलांना टेनिस शिकवलं. स्वतः खेळाडू म्हणून ते राज्याच्या पुढे कधी गेले नाहीत, पण मुलांच्या हाताला वळण लावावं तर त्यांनीच, असं सगळे म्हणत. पन्नाशीच्या जवळ आल्यावर त्यांनी खेळाच्या मानसशास्त्राचा रीतसर अभ्यास केला, आपल्याच विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांबरोबर बसून परीक्षा दिल्या. त्याला कारण होता विश्वंभर नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी. सरावाला त्याचा फोरहँड बघायला शेजारच्या कोर्टावरचे लोक आपला खेळ थांबवत. मॅच पॉइंट आला की मात्र त्याच मुलाचा हात लाकडासारखा व्हायचा. सतराव्या वर्षी त्यानं रॅकेट खाली ठेवली ती ठेवलीच. हात मी शिकवला, मनाचं काय करायचं ते मला येत नव्हतं, असं सर पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिले.

अभ्यास झाला, तशी त्यांची शिकवण्याची एक पद्धत ठरून गेली. मॅच संपली की मूल जिंको वा हरो, ते त्याला आधी पाणी पाजत, बाकावर बसवत आणि एवढंच विचारत, "कुठला बॉल टोचतोय?" मूल सांगायचं. मग दोघं कोर्टावर जायचे आणि नेमका तोच बॉल, त्याच जागेवरून, पन्नास वेळा खेळायचे. खेळता खेळता टोचणं बोथट व्हायचं आणि मूल हसत घरी जायचं. या पद्धतीमुळे सरांचं नाव झालं. लांबलांबचे कोच आपल्या मुलांना घेऊन त्यांच्याकडे यायला लागले.

आणि मग लावण्या दासरी आली. साडेअकरा वर्षांची, काटकुळी, पाय असे की बॉल पडायच्या आधी ही तिथे उभी. वडील श्रीपती टॉवेलच्या कारखान्यात फोरमन. घरात तेलुगू, दारात सोलापुरी मराठी. अशी मुलगी दहा वर्षांत एखादीच येते हे सरांनी पहिल्या आठवड्यात ओळखलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांना तिचं दुखणंही कळलं. एक बॉल चुकला की तिचे पुढचे सहा चुकत. मॅचच्या सकाळी तिला उलटी व्हायची. कुठला बॉल टोचतोय असं विचारलं, की ती एक नाही, चौदा बॉल सांगायची, तेही क्रमानं.

"माझं डोकं ते बॉल सोडतच नाही की, सर," ती एकदा म्हणाली.

सरांना तिच्या जागी विश्वंभर दिसायला लागला.

त्याच सुमारास पुण्याच्या एका नव्या कंपनीतल्या डॉक्टर देवस्थळी सरांना भेटायला आल्या. त्या मेंदूच्या अभ्यासक होत्या. त्यांनी सांगितलं ते साध्या शब्दांत असं.

आपल्या मेंदूचे दोन अर्धे भाग असतात. कपाळामागे, त्या दोहोंच्या मधल्या घडीत, एक जागा आहे. हातून काही चुकलं की सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात तिथून विजेची एक बारीक लाट उठते. गंमत अशी, की 'अरे, चुकलं' असं आपल्याला वाटायच्याही आधी ती उठलेली असते. मेंदूतली घंटाच म्हणा ना. घंटा वाजते, हृदयाचा ठोका क्षणभर बदलतो, पोटात काहीतरी हलतं आणि पुढच्या वेळी आपण सावध राहतो. बहुतेकांची घंटा एकदा वाजून थांबते. काहींची वाजतच राहते, आणि तिच्या आवाजात पुढचा बॉलही ऐकू येत नाही.

देवस्थळींनी बनवलेल्या यंत्राचं नाव होतं 'निवांत'. कानामागे चिकटवायची नखाएवढी चकती. ती मेंदूतली ती लाट टिपायची. कानापासून एक मज्जातंतू खाली हृदयाकडे आणि पोटाकडे जातो. लाट उठली रे उठली, की चकती त्या मज्जातंतूला विजेचा अगदी हलका स्पर्श करायची. वाजत्या घंटेवर कुणी तळहात ठेवावा, तसा. रोज असं झालं की काही महिन्यांत मेंदू स्वतःच घंटा हळू वाजवायला शिकतो.

घंटा अगदीच बंद तर पडणार नाही ना, असं सरांनी विचारलं. आवाज कमी होईल, देवस्थळी म्हणाल्या, आणि किती कमी करायचा ते तुमच्या हातात. फोनवर एक ते दहा आकडे होते. आकडा जितका मोठा, तितकी घंटा हळू. सरांनी तीनवर सुरुवात केली.

दोन महिन्यांत लावण्याची उलटी थांबली. सरांनी आकडा चार केला. सांगलीच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेली. सरांनी पाच केला. नाशिकला ती जिंकली, तेही पहिला सेट हरून. मग सहा. मग सात. कुणी सांगितलं नव्हतं. सरांनीच केला.

मॅच संपल्यावर ते आता विचारत, कुठला बॉल टोचतोय, आणि लावण्या पाण्याची बाटली खाली ठेवून म्हणे, "कुठलाच नाही, सर." सरांना त्याचा इतका आनंद व्हायचा, की घरी जाताना ते स्कूटरवर गुणगुणत. पुढे आठवलं की त्यांना सगळ्यात जास्त लाज त्या गुणगुणण्याचीच वाटायची.

लावण्याच्या आईनं एकदा सहज सांगितलं होतं. धाकट्या हारिकाला शाळेतून आणायचं लावण्या विसरली. ती पोर दीड तास फाटकापाशी रडत उभी. "पूर्वीची लावू असती तर आठ दिवस जेवली नसती," आई म्हणाली. "आता म्हणते, आली ना घरी, मग झालं. मोठी झाली बघा." दोघंही त्यावर हसले होते.

सरांच्या शब्दावर राज्यातल्या चाळीस अकादम्यांनी निवांत घेतलं. त्यांना भाषणांना बोलावणी येऊ लागली. मनाचे कोच, असं लोक त्यांना म्हणू लागले.

मग राज्य स्पर्धेची उपांत्य फेरी आली. ती सोलापुरातच होती. समोर लातूरची मुक्ता जाधवर. तिचे वडील शाळेत खेळाचे शिक्षक. शाळेच्या मैदानावर चुन्यानं रेघा आखून त्यांनी पोरीला शिकवलेलं. कोर्ट साधं, पण मुलगी जिद्दीची. तिसऱ्या सेटला पाच-चार, लावण्या पुढे. मुक्तानं एक लांब बॉल मारला. तो कोर्टाच्या मागच्या टोकाला, बेसलाइनच्या पांढऱ्या पट्टीवर पडला. पट्टीवरची माती उडाली. सर जाळीच्या कुंपणाबाहेर, त्या रेघेच्या अगदी सरळ रेषेत, दहा पावलांवर उभे होते. त्यांना तो एवढा स्वच्छ दिसला, की मनात त्यांनी पॉइंट मुक्ताला देऊनही टाकला होता.

लावण्यानं बोट वर केलं. "आऊट."

मुक्ता धावत आली. ठसा दाखव म्हणाली. लावण्यानं दोन पावलं मागे सरकून रेघेबाहेरचा दुसराच एक जुना ठसा दाखवला. आवाज चढला नाही, नजर हलली नाही. मुक्तानं वळून कुंपणाकडे पाहिलं. तिचे वडील लांबच्या बाजूला बसले होते, त्यांना काही दिसणं शक्य नव्हतं. मग तिची नजर सरांवर येऊन थांबली.

मॅच चालू असताना कोचनं बोलायचं नाही, असा नियम आहे. तीस वर्षांत सरांनी तो कधी मोडला नव्हता. त्या दिवशी त्यांनी तो पाळला, आणि मॅच संपल्यावर बोलायला कुठलाच नियम आड येत नव्हता, तरी तेव्हाही ते गप्पच राहिले. लावण्या जिंकली. दुसऱ्या दिवशी अंतिम सामनाही जिंकली. हार, फोटो, पेढे, सगळं झालं.

तिसऱ्या दिवशी सरांनी फोनवर त्या मॅचची नोंद उघडली. निवांत प्रत्येक लाट नोंदवून ठेवायचं. तिथे दोन तासांची रेघ होती, चुकलेल्या बॉलांच्या लहान लहान टेकड्यांची. आणि पाच-चारला, त्या 'आऊट'च्या क्षणी, एक सुळका होता. लावण्याच्या मेंदूत इतकी मोठी घंटा त्या सबंध वर्षात वाजली नव्हती. त्याच सुळक्याखाली निळ्या रंगात नोंद होती, की यंत्रानं ती ताबडतोब शांत केली.

म्हणजे आतल्या मुलीला कळलं होतं. तिच्या मेंदूनं हाक मारली होती. सरांनी लावलेल्या चकतीनं त्या हाकेवर तळहात ठेवला होता.

त्यांनी देवस्थळींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, घंटा एकच आहे," त्या म्हणाल्या. "बॉल चुकला तरी तीच वाजते, गणित चुकलं तरी तीच, आणि कुणाला फसवलं तरीही तीच. चूक कसली आहे, ते आमच्या यंत्राला कळत नाही."

हे तुम्हाला आधी ठाऊक होतं का, असं सरांनी विचारलं. त्या म्हणाल्या, कागदावर ठाऊक होतं. एवढ्या लहान मुलांना कुणी सातवर ठेवील असं वाटलं नव्हतं. त्यात आरोप नव्हता, म्हणून सरांना ते जास्तच लागलं.

संध्याकाळी सरावानंतर सरांनी लावण्याला बाकावर बसवलं. पाच-चारचा तो बॉल कुठे पडला होता, विचारलं.

"आत होता की," लावण्या म्हणाली.

"मग तू आऊट म्हणालीस?"

"पॉइंट महत्त्वाचा होता ना, सर." तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत लबाडी असती तर सरांना हायसं वाटलं असतं. वेळ विचारल्यावर कुणी वेळ सांगावी, तसं तिनं ते सांगितलं होतं. मग त्यांचा चेहरा बघून ती जरा थबकली. "चुकलं का? चुकलंच असणार. पण सर, मला काहीच होत नाही."

सरांनी स्वतःच्या हातानं तिच्या कानामागची चकती काढली.

श्रीपती भडकले. दीड महिन्यावर राष्ट्रीय शिबिराची निवड, आणि सर आत्ता काढतात? तुम्हीच लावलंत, तुम्हीच भाषणं दिलीत, आता आमच्या पोरीवर तुम्हीच उलटा प्रयोग करणार का, असं ते बरंच बोलले. सरांनी एकही शब्द खोडला नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "श्रीपतीअण्णा, तिला वाईट वाटेनासं झालंय. ते परत यायला हवं. टेनिस नंतर." श्रीपतींना हारिकाचं ते फाटकापाशी रडणं आठवलं असावं. ते आत निघून गेले, पण चकती परत लावा असं म्हणाले नाहीत.

घंटा कधी परत येईल, हे देवस्थळींनाही सांगता येईना. कुणाची महिन्यात येईल, कुणाची वर्षात. काहींची पूर्वीइतकी कधीच येणार नाही. सरांनी चाळीसही अकादम्यांना पत्रं लिहिली, आपली चूक कबूल केली, चकत्या काढा म्हणून विनवलं. अकरा जणांनी काढल्या. बाकीच्यांच्या मुलांच्या पुढच्या महिन्यात स्पर्धा होत्या.

मग एका रविवारी ते एसटीनं लातूरला गेले. मुक्ताच्या वडिलांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला. इतक्या मोठ्या कोचनं घरी यावं याचं त्यांना अप्रूप वाटत होतं. मुलीनं खेळ सोडल्याचं त्यांनी खाली बघत सांगितलं. हरली म्हणून नाही, ते म्हणाले. हरायची तिला सवय होती. जिथे आपलं आपणच खरं सांगायचं असतं, तिथे मला खेळायचं नाही, असं म्हणते. आता धावण्याचा सराव करते. धावण्यात घड्याळ असतं.

मुक्ता दारात येऊन उभी राहिली. सरांनी तिची माफी मागितली, यंत्राचं सगळं सांगितलं, लावण्याचा यात फारसा दोष नाही असंही समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"सर, तुम्हाला तर यंत्र लावलेलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला दिसला होता ना बॉल?"

"दिसला होता."

तिनं मान हलवली आणि आत गेली. परत बाहेर आली नाही. तीन तासांच्या परतीच्या प्रवासात सर खिडकीबाहेर बघत बसले. तीस वर्षांत त्यांनी शेकडो मुलांना बाकावर बसवून एक प्रश्न विचारला होता. तोच आज एका मुलीनं वेगळ्या शब्दांत त्यांना विचारला, आणि तो बॉल पन्नास वेळा परत खेळायला आता कोर्टच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे सगळं लावण्याला सांगितलं. मुक्तानं खेळ सोडला हे सांगितलं, आणि आपण पाहूनही गप्प बसलो हेही सांगितलं. काहीही गाळलं नाही. लावण्या रडली नाही. तिनं बरगड्यांच्या खाली हात ठेवून पाहिला, जसा आपण ताप बघायला कपाळावर ठेवतो. थोड्या वेळानं म्हणाली, "मला रडायला यायला पाहिजे ना आत्ता?"

निवडीचा दिवस उजाडला तेव्हा चकती काढून सहा आठवडे झाले होते. सकाळी लावण्याला एकदा मळमळलं, आणि त्या मळमळीनं सर मनात आनंदले. पण एवढ्यानं काही कळत नव्हतं. निवडीच्या मॅचलाही पंच नव्हता. समोर होती नांदेडची भार्गवी, लांब वेणीची, सारखी बडबडणारी मुलगी. जिंकेल ती शिबिराला जाणार, हरेल ती घरी. श्रीपती कुंपणाला धरून उभे होते. सर त्यांच्या शेजारी होते, पुन्हा बेसलाइनच्या सरळ रेषेत. कुठला तरी बॉल रेघेजवळ पडेल आणि लावण्या बोट वर करील, याची त्यांना इतकी धास्ती वाटत होती, की निघून जावं असं दोनदा मनात आलं. पण या वेळी जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

नाणं उडवलं. भार्गवीनं सर्व्हिस घेतली. दोघी आपापल्या बाजूला जाणार, एवढ्यात लावण्या जाळीपाशी परत गेली. तिचं बोलणं कुंपणापर्यंत ऐकू आलं.

"माझ्या बाजूला पडलेले बॉलपण तूच सांग. आत की बाहेर."

"ए, काहीही काय," भार्गवी हसली. "माझेच बॉल मीच सांगू? आणि मी खोटं सांगितलं तर?"

"तर तुला टोचेल," लावण्या म्हणाली. "मला सध्या टोचत नाही. म्हणून माझं धरू नको."

भार्गवीचं हसणं थांबलं. ही थट्टा नाही, हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिनं बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांकडे पाहिलं. श्रीपतींनी डोळे झाकून घेतले. सरांनी काही खूण केली नाही. करायचा आपल्याला हक्क उरलेला नाही, असं त्यांना वाटलं. भार्गवीनं खांदे उडवले आणि ती सर्व्हिस करायला मागे गेली.

पहिला बॉल आला. लावण्यानं परतवला. भार्गवीनं जोरात, खोल मारला. बॉल बेसलाइनपाशी, लावण्याच्या टाचेजवळ पडला आणि तांबडी धूळ उडाली. लावण्या वाकली. तिनं ठसा पाहिला, नीट, पुरेसा वेळ. मग ती सरळ झाली, दोन्ही हात रॅकेटवर ठेवले आणि जाळीपलीकडची भार्गवी काय सांगते याची वाट बघत उभी राहिली.